आधीसरांचं उत्तर

या, जवळ सरकून बसा. दाराशी टेकलेल्यांनीही आत या, जागा आहे. हातातलं काम हातात राहू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. आज एका उत्तराची गोष्ट सांगते. ते लिहिलं एकीनं, कापलं दुसऱ्यानं आणि दिलं तिसऱ्यानं. देवानं मला गळा दिला असता तर गाऊनच सांगितली असती. नाही दिला, म्हणून नुसती सांगते. मधेच चाल लागली तर लागू द्या.

एक शहर होतं. त्याच्या खालच्या अंगाला मोठी पाणथळ जागा होती, गवताची, चिखलाची, मधूनमधून आभाळाचे तुकडे पडल्यासारख्या डबक्यांची. सकाळी तिथून धुकं उठायचं आणि शहरात यायचं. त्याला घाई कसली ती नसे. आधी खालच्या वस्तीतल्या पायऱ्यांवर टेकायचं, मग चढ चढून बाजारात, तिथून विद्यापीठाच्या फाटकातून आत. सायकलची घंटा आधी यायची, सायकल नंतर. माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखायची आणि मग चेहरा पाहून खात्री करून घ्यायची.

त्या विद्यापीठात एक प्राध्यापिका होत्या. जमिनीखालचं पाणी कुठून निघतं आणि कुठे जातं, हा त्यांचा विषय. सगळे त्यांना बाई म्हणत, आपणही बाईच म्हणू.

त्या वर्षी नगरपालिकेनं ठरवलं, की पाणथळ भरून काढायची आणि तिथे बसगाड्यांचं आगार बांधायचं. जागा भरली तर पावसाळ्यातलं पाणी जाणार कुठे? खालच्या वस्तीत शिरेल का? खरा प्रश्न एवढाच. पण शहरातल्या वर्तमानपत्रानं आपलं मतांचं पान मोकळं करून दिलं आणि विद्यापीठातल्या सगळ्यांनाच लिहायचा हुरूप आला. अर्थशास्त्रवाल्यांनी लिहिलं, समाजशास्त्रवाल्यांनी लिहिलं. कवितेच्या प्राध्यापकांनी तर तिथे कधीच न उतरलेल्या पक्ष्यांवर असं काही लिहिलं, की लोक दुसऱ्या दिवशी दुर्बिणी घेऊन गेले. जे लिहीत नव्हते ते चहाच्या वेळी नाकं मुरडत.

"आठशे शब्दांत काय सांगणार, कपाळ?" विभागप्रमुख म्हणायचे. "मला तर विषयाला नमस्कार करायलाच तेवढे लागतात."

"म्हणूनच तुमचं पुस्तक कुणी उघडत नाही, आणि ते पान मात्र माझा न्हावीसुद्धा वाचतो," असं अर्थशास्त्रवाले म्हणाले, की मग बशा वाजायच्या.

त्या पानाचा कारभार एका संपादकांकडे होता. विद्वानांची लांबलचक वाक्यं ते अशी छाटत की विद्यापीठात त्यांना कात्री म्हणत. ते नाव त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना आवडलंही होतं.

अशात एका सकाळी बाईंच्या गुरूंचा लेख आला.

आता या गुरूंची ओळख करून द्यायला हवी. त्यांना सगळे आधीसर म्हणत. ते नाव त्यांना विद्यार्थ्यांनी दिलं होतं. कुणी वाद घालायला उभं राहिलं, की सर हात वर करून म्हणायचे, "आधी त्याचं सांग." म्हणजे ज्याला तू खोडून काढणार आहेस, त्याचं म्हणणं आधी तू मांड. तेही असं, की ते ऐकून त्यानं तुझे आभार मानले पाहिजेत. मग तुझं उत्तर.

ही रीत त्यांनी ग्रंथांत वाचण्याच्या फार आधी ऐकली होती. लहानपणी ते आईच्या मांडीवर बसून एका बुवांचं गाऊन केलेलं निरूपण ऐकत. बुवा आधी शंका घेणाऱ्याचं म्हणणं गात. देव आहे म्हणता, मग माझं लेकरू का नेलंत, असं ते त्या शंकेखोराच्या वतीनं इतक्या आर्त सुरात विचारत, की सगळी बैठक त्या शंकेखोराचीच होऊन जाई. मग हळूहळू, सूर न सोडता, बुवा उत्तराकडे वळत. एकदा मात्र वादळ आलं, दिवे गेले आणि लोक अर्ध्यातून उठून घरी गेले. सकाळी सरांची आई बुवांच्या दारात जाऊन उभी. "उरलेलं सांगा," म्हणाली, "त्याशिवाय माझ्याच्यानं चूल पेटवायची नाही." बुवांनी दात घासता घासता उरलेलं सांगितलं म्हणे. सर ही गोष्ट दरवर्षी नव्या वर्गाला सांगत आणि दरवर्षी दात घासण्यापाशी स्वतःच आधी हसत.

तर, सरांचा लेख. बाई स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचत होत्या. भाषा तीच जुनी, नितळ. सर लिहीत होते, की पाणथळ खुशाल भरा, भिण्याचं कारण नाही. उत्तरेचा ओढा सगळं पाणी घेऊन जाईल. त्या ओढ्याचा उतार, त्याच्या काठची लव्हाळी, पुराच्या दिवसांतही त्याचं न फुगणं, सगळं डोळ्यांसमोर उभं केलं होतं.

बाईंचे यजमान दातांचे डॉक्टर होते. ते पाव भाजत होते. त्यांनी खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"अगं, उत्तरेचा ओढा म्हणजे तो पेट्रोलपंपाखालचा?"

"तोच."

"त्याला तर पाइपात घालून जमाना झाला. आणि तो पाइपही..."

"तुंबलेला आहे. मीच मोजलाय." बाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अरे, ओढा बुजवू नका म्हणून सर स्वतः त्या काळी भांडले होते. त्यांना कसं आठवत नाही?"

पाव करपला तेव्हा कुठे दोघांना वास आला.

बाईंनी सरांच्या लेकीला फोन केला. ती औषधांच्या दुकानात बसायची आणि बापाला सांभाळायची. बाईंना ती ताई म्हणे.

"ताई, वाचलंस?" तिचा आवाज सणासारखा होता. "किती दिवसांनी लिहायला बसले! एका बैठकीत लिहिलं गं. मी नुसती चहा देत होते. हल्ली कधी मला आत्या म्हणून हाक मारतात, कधी चष्मा साखरेच्या डब्यात सापडतो. पण त्या दिवशी हात कसा झरझर चालला होता! मीच नेऊन दिला लेख." मग ती जरा थांबली. "चांगलाय ना?"

"सुंदर आहे," बाई म्हणाल्या. ते काही खोटं नव्हतं.

दुपारी कात्रींचा फोन आला.

"बाई, तुम्ही लिहा. नगरपालिकेचा जो तो सरांचं कात्रण खिशात घालून फिरतोय. आधीसर म्हणाले म्हटल्यावर कोण बोलणार? बैठक तोंडावर आलीय. तुम्ही गप्प बसलात तर मंजूर झालंच समजा."

आता पाहा, बाई कशा कोंडीत सापडल्या. लिहावं तर सगळ्या शहराला कळणार, की ज्यांच्या शब्दावर लोक डोळे मिटून चालत त्यांना बुजलेला ओढा वाहताना दिसतो. आयुष्यभराच्या नावाचं एका सकाळीत हसू होणार, आणि ते करणार कोण, तर त्यांचीच शिष्या. न लिहावं तर पुढच्या पावसाळ्यात खालच्या वस्तीतली माणसं अंथरुणं डोक्यावर घेऊन चढ चढणार. देवासमोर बसून त्यांनी डोळे मिटले, पण तिथेही ओढाच दिसला.

शेवटी त्यांनी सरांचीच रीत धरली. आधी त्यांचं सांगायचं. नाव घ्यायचं नाही. 'एक जाणते म्हणतात' एवढंच. त्यांचं म्हणणं असं मांडायचं की कुणालाही ते हसण्यासारखं वाटू नये. मग उत्तर द्यायचं.

लिहायला बसल्या आणि खोली हळूहळू ओलसर झाल्यासारखी वाटू लागली. विद्यार्थिनी असताना सरांनी वर्गाला ओढ्यावर नेलं होतं. सर विजार दुमडून घोटाभर पाण्यात उभे होते आणि बाईंना म्हणत होते, "तू म्हणतेस पाणी इकडे जाईल. बरं. आधी त्या पाण्याचं सांग. त्याला कुठे जायचंय?" बाईंच्या पायांना तो गारवा पुन्हा लागला. वाळू तळव्याखालून सरकायला लागली. त्यांनी लव्हाळी लिहिली, उतार लिहिला, पाण्याचा आवाज लिहिला. सरांनी लिहिला होता त्यापेक्षाही जिवंत ओढा लिहिला. निम्म्याहून जास्त लेख वाहून गेल्यावर त्या काठावर आल्या आणि शेवटच्या तीन परिच्छेदांत उत्तर लिहिलं. हा ओढा आता नाही, पाइप आहे, पाइप तुंबला आहे, पाणथळ भरू नका.

डॉक्टरांना वाचून दाखवला. अर्ध्यावर आल्यावर ते म्हणाले, "मी तर सरांच्या बाजूचा झालो. उत्तर कधी येणार?"

"येतंय. थांब की जरा."

"मी थांबतो गं. मला या घरात राहायचंय. लोक थांबतील का?"

बाई हसल्या आणि लेख पाठवून दिला.

आता इथेच विद्वानांची एक चूक झाली, जी भाजीवाला कधी करणार नाही. तो आधी भाव सांगतो, मग भाजीचं गुणगान करतो. विद्वान भाव शेवटी सांगतात.

त्या दिवशी कात्री तापानं घरी झोपून होते. त्यांच्या जागी बातम्यांच्या टेबलावरचे एक गृहस्थ पान लावायला बसले. आयत्या वेळी एका पलंगवाल्याची मोठी जाहिरात आली. जागा कमी पडली. बातमी कमी करायची तर ती खालून कापतात, कारण महत्त्वाचं सगळं वर असतं, हे त्या गृहस्थांच्या हाताला पाठ. त्यांनी लेखाचे शेवटचे तीन परिच्छेद उडवले, वरचं वाचून मथळा दिला आणि घरी जाऊन जेवले.

सकाळी बाईंनी पान उघडलं. वर त्यांचा फोटो. खाली मथळा: 'ओढा आहे ना, मग भीती कशाची?' मग लव्हाळी, उतार, पाण्याचा आवाज. आणि जिथे उत्तर असायला हवं होतं तिथे एक डबल बेड, त्यावर दोन उशा.

डॉक्टरांनी वाचलं आणि पान उलटून मागेही पाहिलं, उत्तर तिकडे तरी गेलंय का म्हणून.

विद्यापीठाच्या फाटकात विभागप्रमुख भेटले. "अभिनंदन! गुरुशिष्यांचं एकमत. दुर्मीळ दृश्य!" नगराध्यक्षांनी तर आभाराचा फोन केला. म्हणाले, आता काही शंकाच उरली नाही. बाई नुसत्या 'अहो, पण, अहो' करत राहिल्या. धुक्यात त्यांना सगळे आवाज लांबून येत होते, जणू त्या स्वतःच पाइपात उभ्या होत्या.

कात्रींनी तापातच फोन केला. घसा बसला होता.

"बाई, पाया पडतो. पण खरं सांगू? शेपटीत जीव ठेवायचा नसतो हो. आमच्याकडे खालून कापतात."

"आमच्याकडे जीव शेवटीच असतो."

"उद्या कोपऱ्यात दोन ओळींचा खुलासा देतो."

"कोण वाचणार तो?"

"कुणीच नाही," कात्रींनी कबूल केलं. "मग असं करा, पूर्ण जागा देतो. पण आता ते आधी-बिधी नको. पहिल्याच ओळीत सरांचं नाव घ्या आणि लिहा, की सर चुकले. नाहीतर लोकांना वाटेल, बाई एका दिवसात फिरल्या. संध्याकाळपर्यंत द्या."

बाईंनी ठरवलं, लिहायचं. पण लोकांना कळायच्या आधी सरांना आपल्या तोंडून कळलं पाहिजे. त्या तशाच निघाल्या. चढाच्या टोकाला सरांचं घर. धुकं इतकं दाट होतं, की फाटकाची कडी हातानं चाचपावी लागली.

सर खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. गुडघ्यांवर शाल, शालीवर वर्तमानपत्र. बाईंना पाहताच त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं, की बाई पुन्हा पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन उभ्या राहिल्या.

"ये. हे तू लिहिलंस?"

"हो, सर."

"बस. नाही, उभीच राहा. आधी त्याचं सांगितलंस. फार छान सांगितलंस. माझ्या पायाला गार लागलं. पण मग?" सरांनी पलंगाच्या जाहिरातीवर बोट आपटलं. "उरलेलं कुठाय? अर्ध्यातून उठून गेलीस? तुझ्यासाठी मी काय सकाळी दात घासत सांगायचं?"

"सर, उत्तर लिहिलं होतं. त्यांनी कापलं."

"मग तू कसली शिष्या! असं लिहायचं की कापणाऱ्याचा हात थांबला पाहिजे." आणि मग एकदम मऊ आवाजात, कुतूहलानं, "कोण आहे गं हा, ज्याचं तू सांगितलंस?"

दारात सरांची लेक कप घेऊन उभी होती. उत्तर कापल्याचं ऐकलं आणि तिला सगळं समजलं, ओढा आता नाही आणि चूक बापाचीच. तिनं बाईंकडे पाहिलं. बोलू नकोस ना ताई, असं तिच्या सगळ्या चेहऱ्यावर होतं.

बाई ज्या कामाला आल्या होत्या ते वाक्य ओठांवर तयार होतं. सर, हे तुमचंच आहे. चार शब्द. त्यांनी ते गिळले.

"एक जाणता माणूस आहे, सर. त्याचा त्या ओढ्यावर फार जीव आहे."

"तेच तर," सर म्हणाले. "म्हणूनच फसलाय. त्याला ओढा अजून वाहताना दिसतोय. अगं, तो ओढा पाइपात घातला त्या दिवशी मी काठावर उभा होतो. भांडलो, लिहिलं, कुणी ऐकलं नाही. पाण्याचा आवाज शेवटी असा आला, जसं कुणीतरी दार लावून घेतं आणि आत बोलत राहतं." ते थांबले. डोळे स्वच्छ होते, सकाळी कधी कधी तळं असतं तसे. "त्याला कुणीतरी सांगायला हवं. पण रागावून नाही. घे, लिही."

लेकीनं कप तसाच खिडकीत ठेवला आणि कागद आणून दिला. सर सांगत गेले, बाई लिहीत गेल्या. पहिलीच ओळ सरांनी अशी सांगितली: 'पाणथळ भरू नका, ज्याच्या भरवशावर भरायला निघाला आहात तो ओढा आता वाहत नाही.' मग म्हणाले, "बघ, आता खालून किती कापायचं ते कापू दे." पाइप कुठून कुठे जातो, किती अरुंद आहे, हे बाईंनी विचारलं की ते सांगत, आणि त्यांना आठवेना तिथे बाई आपलं मोजमाप वाचून दाखवत. सर मान हलवत, "घाल." त्यानंतर त्यांनी एक वाक्य फार सावकाश सांगितलं: 'ज्या सद्गृहस्थांनी ओढ्याची बाजू मांडली, त्यांना मी ओळखत नाही, पण ते मला फार जवळचे वाटतात, आणि त्यांची चूक ही प्रेम करणाऱ्याची चूक आहे.'

बाईंचा हात थांबला.

"लिहिलंस?"

"लिहिते, सर."

लेक तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

खाली सरांनी सही केली. अक्षर जरा डावीकडे कललं, पण होतं त्यांचंच. मग त्यांनी शाल नीट केली, खिडकीबाहेरच्या पांढऱ्या हवेकडे पाहिलं आणि विचारलं, "वर्ग जमला का? उशीर केला तर ऊन चढेल. ओढ्यावर जायचंय ना?"

"जाऊ या, सर," बाई म्हणाल्या. "अजून ऊन नाही."

दुपारी बाईंनी लेख कात्रींच्या हातात नेऊन दिला. ते गळ्याला मफलर गुंडाळून कचेरीत आले होते. त्यांनी उभ्यानं वाचला, बसून वाचला. त्या वाक्यापाशी आल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"हे... सरांना माहीत आहे?"

"नाही."

"मग हे छापणं बरोबर आहे का?"

"त्यांनी सांगितलं, त्यांनी सही केली, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. तुम्ही ठरवा."

कात्री बराच वेळ पेन्सिल बोटांत फिरवत राहिले. मग पेन्सिल खिशात घातली. "पलंग दुसऱ्या पानावर जाईल," म्हणाले. त्यांच्या हयातीत एक शब्दही न कापता गेलेला तो एकच लेख.

दुसऱ्या दिवशी शहर चकित झालं. काय माणूस आहे, लोक म्हणाले, आपलंच म्हणणं आपण खोडलं, आणि विनोद तरी कसा, म्हणे मी त्या गृहस्थांना ओळखत नाही! विभागप्रमुखांनी तो लेख वर्गात वाचून दाखवला आणि आठशे शब्दांविषयी पुन्हा काही बोलले नाहीत. नगरपालिकेच्या बैठकीत जुनं कात्रण खिशातून काढायला कुणी धजावलं नाही. आगार चढावरच्या मोकळ्या माळावर गेलं. सरांच्या नावाचं कुणी हसू केलं नाही. लोक विनोद म्हणून हसले, पण ते हसणं वेगळं. आत काय होतं ते बाईंना, सरांच्या लेकीला, कात्रींना आणि डॉक्टरांना ठाऊक, आणि त्या देवाला, ज्याच्यापाशी कुणाचंच उरलेलं राहून जात नाही.

पाणथळ अजून आहे. धुकं अजून येतं, पायऱ्यांवर बसतं, चढ चढतं. सर मात्र त्यानंतर हळूहळू त्या धुक्याच्याच बाजूला सरकत गेले. बाई जात, तेव्हा तो लेख वाचून दाखवत. सर दर वेळी नव्यानं ऐकत, दर वेळी त्या वाक्यापाशी मान डोलावत आणि विचारत, "कुणी लिहिलंय? बरं लिहिलंय हो. आधी त्याचं सांगितलंय." एके सकाळी बाई पोचल्या तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि शाल घडी घालून ठेवली होती.

झाली गोष्ट. आता उठाल, आपापल्या घरी जाल, आणि आज ना उद्या कुणाशी तरी वाद होईलच. जीभ सुटायच्या आधी एवढं करा. त्या म्हाताऱ्या सरांना आठवा, विजार दुमडून घोटाभर पाण्यात उभे असलेल्या, हात वर केलेल्या. ओढा नसला तरी ते तिथे असतील.